मशीन जागेवर आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०

दुरुस्ती : जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी काल लिहिलं की मशीन 'जवळजवळ अकरा मिनिटं' चाललं. चूक. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. उरलेला वेळ ते बंद होतं आणि मी बटण दाबून उभी होते. 'जवळजवळ' हा शब्दही मागे घेते.

दिवसाचं पान कालच्या चुकीपासून सुरू करायचं, ही मावशीची शिकवण. छापखान्यात एकतीस वर्षं प्रूफं तपासली तिने. लहानपणी मी सारखी आजारी, म्हणून चौथीपर्यंत शाळेत घातलंच नाही. मावशीनेच घरी शिकवलं. चुकले म्हणून ती कधी रागावली नाही. चूक लपवली की मात्र दिवसभर अबोला.

वही नवी आहे, म्हणून परिस्थिती एकदा नीट मांडून ठेवते. मावशी डिसेंबरपासून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्या मुलाकडे आहे. तिचं घर माझ्या ऑफिसपासून जवळ, म्हणून इथे मी राहते. घरासोबत ताब्यात आला तिचा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर. ती निवृत्त झाली तेव्हा छापखान्यातल्या सगळ्यांनी मिळून दिलेला. धुळीने तिची छाती भरते, डॉक्टरांनी झाडूला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे मशीन ही चैन नाही, औषध आहे. जाताना एवढंच म्हणाली की रोज वापर, आणि काही झालं तर लगेच कळव.

काही झालेलं नाही. आधी पस्तीस मिनिटं चालायचं, आता साडेनऊ. याला 'काही होणं' म्हणत नाहीत.

आणि काळजीत तर मी तसूभर कमी पडलेली नाही. बाबांचा नियम : बॅटरी पूर्ण रिकामी केल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. नऊ आठवडे न चुकता पाळला. झाडून झालं की बटणाला रबर बँड लावून मशीन कोपऱ्यात उभं करते आणि ते आपोआप गप्प होईपर्यंत थांबते. मग फ्रीजवर ठेवून चार्जिंग. भोकात धूळ जाऊ नये म्हणून वरून मावशीची लोकरी शाल, दोन घड्या. इतकं तर मावशीनेही केलं नसेल.

निष्कर्ष : बॅटरी दमली आहे. दोन दिवस संपूर्ण विश्रांती.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुरुस्ती : विश्रांती 'संपूर्ण' नव्हती. काल दोनदा बटण दाबून पाहिलं.

विश्रांतीनंतर : सहा मिनिटं पंधरा सेकंद.

मावशीचा फोन. गुडघा छान वाकतोय, शनिवारी बावीस तारखेला येते म्हणाली. मशीन काय म्हणतंय, असं विचारलं. मी म्हटलं, जागेवर आहे. हे शंभर टक्के खरं आहे. फोनवर बोलताना मी त्याच्याकडेच बघत होते.

बावीसपर्यंत सतरा दिवस. सतरा दिवसांत लोक घर बांधतात. (पडताळून पाहिलं. बांधत नाहीत.)

शनिवार, ८ फेब्रुवारी

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. सव्वीस मिनिटं संगीत ऐकलं, म्हणजे आमच्या मशीनच्या चौपट. मग एक अतिशय मृदू गृहस्थ आले. त्यांनी सांगितलं की या मॉडेलची बॅटरी गेल्या वर्षीपासून बनत नाही. मग दुरुस्ती? दुरुस्ती आम्ही करत नाही, नवीन मॉडेल घ्या, त्याचा रंगही छान आहे. मी म्हटलं, हे भेट आलेलं आहे, याच्यावर एकोणीस जणांच्या सह्या आहेत. ते म्हणाले की नव्यावर सह्या करायला भरपूर जागा आहे.

बॅटरी साधारण किती टिकते, हेही विचारलं. दोन ते तीन वर्षं, वापरावर अवलंबून. मावशीच्या बॅटरीला दोन वर्षं दोन महिने झाले. म्हणजे ती वेळेवरच चालली आहे, माझा काही दोष नाही. इतकं हलकं वाटलं की दुपारी मस्त झोपले.

शेवटी त्यांनी मार्क मागितले. पाचपैकी पाच दिले. त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती.

मावशीला आज सांगणार होते. पण अर्धवट माहिती देण्यापेक्षा उपाय हातात असताना सांगितलेलं बरं. उगाच गुडघ्यावर ताण.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुरुस्ती : ताण गुडघ्यावर आला नसता. ते वाक्य घाईत लिहिलं.

बसस्टॉपमागे जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसतो. ड्रिल, ट्रिमर, खेळण्यातल्या गाड्या, सगळं उघडतो. मशीन बघून त्याने विचारलं की वापरता कसं. मी अभिमानाने सगळं सांगितलं : रबर बँड, फ्रीज, शाल. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मिक्सर घेऊन आलेल्या एका काकूंना म्हणाला, काकू, जरा इकडे या, हे ऐका. मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

मग म्हणाला, "ताई, ही म्हातारपणाने नाही गेली. हिला रोज उपाशी मारलंत, आणि वर शाल गुंडाळून तापात ठेवलंत."

काकू म्हणाल्या, अगंबाई.

त्याच्या मते पूर्ण रिकामी करायचा नियम फार जुन्या बॅटरींचा. हिच्या जातीला तेच विष. शिवाय चार्ज होताना ती गरम होते, तेव्हा तिला वारा हवा, लोकर नको. बाबांना तिथूनच फोन लावला. बाबा म्हणाले की याच नियमाने त्यांचं दाढीचं मशीन अकरा वर्षं टिकलं, आणि तो दुरुस्तीवाला वयाने किती आहे ते विचार. विचारलं नाही.

आत सहा सेल आहेत, दोन मेलेत. सहाही बदलावे लागतील. एक सर्किट आहे, ते नव्या सेलना घरात घेईल की नाही, त्याच्या मर्जीवर. ठेवून जा म्हणाला, परवापर्यंत बघून फोन करतो.

पावतीवर 'मालकाचं नाव' आणि 'मालकाचा फोन' असे रकाने होते. विमा कंपनीत मी दिवसभर लोकांचे फॉर्म तपासते. निम्मे याच रकान्यापायी परत जातात, कारण माणसं स्वतःचंच नाव ठोकून देतात. मी नीट भरला. मशीन मावशीचं, तर नाव मावशीचं आणि नंबरही मावशीचा. दुरुस्तीवाल्याने एकवार विचारलं, हाच नंबर ना. मी म्हटलं, अर्थात.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याचा फोन नाही. या लोकांना शब्दाची किंमत नसते.

मावशीचा फोन मात्र संध्याकाळी आला. आवाज फारच मऊ. घर कसं आहे, मी कशी आहे, जेवते ना वेळेवर. मग विचारलं, बाकी काही सांगायचंय का? मी हवेबद्दल सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं, घाई नाही.

ऑपरेशननंतर माणूस हळवं होतं म्हणतात. मशीनबद्दल यावेळी तिने विचारलंच नाही, तेव्हा सांगायचा प्रश्नच आला नाही. विसरली असावी. तिच्या वयाला साजेसंच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दुरुस्ती : मावशी विसरते असा आजवर एकही पुरावा नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी 'आशीर्वाद' चुकीचा लिहिला होता, तो तिला अजून पानासकट आठवतो.

मशीन मिळालं. एकतीस मिनिटं. मी रडले, पण थोडीच.

दुरुस्तीवाला म्हणाला, सेल महाग होते म्हणून फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या बिनधास्त घाला. त्याच्या सेलवाल्या बाई मनमोकळ्या दिसतात.

सूचना : रिकामी होऊ द्यायची नाही. शाल नाही. पहिले पाच-सहा वेळा चार्जिंग होताना लक्ष ठेवायचं, एकटं सोडायचं नाही.

आता सगळं सुरळीत. त्यामुळे मावशीला सांगण्याची गरज उरली आहे का, याचा तटस्थपणे विचार केला. उरलेली आहे. पण आता ती वाईट बातमी नसून गमतीशीर आठवण आहे, आणि गमती समोरासमोर सांगाव्यात. बावीस तारीख, संध्याकाळचा चहा. ठरलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोन मिनिटं झाडायचं, चार्जिंगला लावायचं. दोन मिनिटं झाडायचं, चार्जिंगला लावायचं. बॅटरी अगदी टवटवीत. बैठकीची खोली अजून अर्धी व्हायची आहे.

अडचण : मी ऑफिसला गेले की लक्ष कोण ठेवणार?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मशीन ऑफिसला नेलं. नियम म्हणजे नियम. दारावरच्या वॉचमनने विचारलं, बॅगेत काय आहे. मी म्हटलं, मावशीचं आहे. त्याने पुढे विचारलं नाही.

प्रिंटरशेजारी चार्जिंगला लावलं. तीन तास नजर हलवली नाही. साहेबांनी बोलावलं म्हणून सहा मिनिटं आत गेले. साहेब म्हणत होते की एवढ्यात माझं लक्ष कामात दिसत नाही.

त्या सहा मिनिटांत शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या हातून कॉफी सांडली. फॉर्म भिजायला लागले. समोर मशीन दिसलं. तिने फार चांगल्या मनाने सगळी कॉफी ओढून घेतली.

मी बाहेर आले तेव्हा मशीन घसा खाकरत होतं. मग वास आला. मग शांतता. ती म्हणाली, बॅटरी संपली वाटतं गं.

बॅटरी संपलेली नव्हती. हिरवे दिवे तिन्ही चालू होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याने उघडलं, हुंगलं, साखर जास्त होती म्हणाला. मग म्हणाला, ताई, बॅटरी एक नंबर आहे. हिला आता दहा वर्षं मरण नाही. मोटर गेली.

मोटर या मॉडेलची मिळत नाही. भंगारात कुठे निघाली तर पंधरा दिवस, नाहीतर नाही. ठेवून आले. पावती पुन्हा नीट भरली, त्याच नंबरासह. यावेळी तो माझ्याकडे बघतच राहिला. काही म्हणायचंय का, विचारलं, तर नाही म्हणाला, तुमच्या घरचा मामला.

परिस्थितीचा आढावा. तक्रार होती बॅटरीची. बॅटरी दुरुस्त झाली. म्हणजे मूळ काम यशस्वी. मोटर हा वेगळा विषय आहे, त्याला वेगळं पान हवं.

परवा मावशी येणार. उद्या रजा, घर ओल्या फडक्याने तीनदा पुसायचं. धुळीचा कण नसेल तर मशीनची आठवण निघणार नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.४०

दुरुस्ती : तीनदा नाही, चारदा पुसलं. कपाटांचे वरचे पत्रे धरून.

मावशी दुपारी आली. काठी टेकत सगळ्या खोल्या फिरली, टेबलावरून बोट फिरवलं, बोट बघितलं. भिंतीवरच्या रिकाम्या स्टँडकडे बघितलंही नाही. माझा हात धरून म्हणाली, हातांची साल निघालीय की गं. मी म्हटलं, थंडीमुळे.

चहा केला. ठरल्याप्रमाणे सुरुवात करणार होते, पण आधी बिस्किटं आणायला आत गेले, मग साखर बघायला, मग दूध उतू जात नाही ना ते बघायला. दूध गॅसवर नव्हतंच.

तिसऱ्यांदा उठले तेव्हा मावशी म्हणाली, "बस. त्या दुरुस्तीवाल्याचा फोन परवाही आला होता. आणि त्याच्या आधीच्या गुरुवारीही. सेल घाला म्हणून मीच सांगितलं त्याला."

मी बसले.

"मशीनचं काय, ते मेलं तर मेलं, मी ओलं फडकं मारीन. मी नऊ दिवस फोनजवळ बसले होते. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. मी शिकवलेली पोर आहे."

ती रागावली नव्हती. अबोलाही धरला नाही. चहा छान झालाय म्हणाली, कप स्वतः उचलून आत नेला आणि परत येऊन खुर्चीत बसली. आता तिथेच बसली आहे. मी वही घेऊन आतल्या खोलीत आले आहे, कारण हे ताजं असतानाच नोंदवायला हवं.

नीट विचार केला. मावशीला जे कळलं, ते दुरुस्तीवाल्याकडून कळलं. ती त्याची बाजू झाली. माझं सांगणं अजून व्हायचंच आहे. शिवाय त्याच्या सांगण्यात चुका असणार. उदाहरणार्थ, कॉफी मी ओढली असं तिला वाटतंय की काय कोण जाणे. तेव्हा पहिल्या दिवसापासून, तारीखवार, रबर बँड आणि शालीसकट, आणि तेरा तारखेच्या फोनवर मी हवेबद्दल का बोलले तेही, सगळं मी स्वतः सांगणार. त्यात पळवाट नाही.

मावशीने बाहेरून हाक मारली, ये ना इथे, बस जरा. येते म्हटलं.

उद्या रविवार, ती प्रवासाने दमलेली असेल. सोमवारी ऑफिसात महिनाअखेरचे फॉर्म. कच्चा मसुदा करायला दोन संध्याकाळी तरी लागतील.

पुन्हा हाक आली. आता नुसतंच नाव घेऊन.

मंगळवार, २५ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा वाजता सांगायचं.