बारावीच्या गुणपत्रिकेची मागची बाजू

प्रिय बाबा,

उद्या अकरा वाजता मी माझी बारावीची गुणपत्रिका बोर्डाच्या कार्यालयात जमा करणार आहे आणि ती मला परत मिळणार नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. तुमच्या फाईलमधला एक कागद हलला तरी तुम्हाला कळायचं. 'माझी रेशनकार्डाची झेरॉक्स कोणी घेतली?' असं आंघोळीच्या आधी विचारायचात. घरात माणसं तीनच, आणि चौकशी अशी की जणू बाहेरून कोणी येऊन नेली.

आधी बातमी सांगते. मी लॉला अर्ज करतेय. तीन वर्षांचा कोर्स, सकाळचे वर्ग, नंतर बँकेतली नोकरी. हो, सदतिसाव्या वर्षी. प्रवेशपरीक्षा पास झाले. निकाल बसमध्ये फोनवर कळला. शेजारच्या बाई घरी कोणाला तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगत होत्या. मी फोन हातात धरून बसले. सांगणार कोणाला? कोथरूडचा स्टॉप आला, उतरले.

तरी पावशेर पेढे घेतले. समोरच्या काकूंना दिले, तर त्यांनी विचारलं, "ठरलं का लग्न?" लॉची परीक्षा म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं बरं. वेळ चांगला जातो." दोन पेढे तुमच्या आणि आईच्या फोटोपुढे ठेवले. संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या. उरलेले मी चार दिवस चहाबरोबर एकटीने संपवले. कंटाळा आला हो शेवटी पेढ्यांचा.

अर्जात पालकांचा मोबाइल नंबर लागतो. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तुमचाच टाकला, सवयीने. मग आठवलं, तो नंबर आता दुसऱ्या कोणाचा तरी असेल. खोडला आणि माझा बँकेतल्या कामाचा नंबर घातला. माझी पालक मीच.

गेल्या बुधवारी कागदपत्रं तपासायला कॉलेजात गेले. तुमची निळी फाईल जशीच्या तशी नेली. रांगेत पुढेमागे बावीस-तेवीस वर्षांची मुलं, त्यातल्या एकाने मला 'मॅडम, खिडकी कधी उघडणार?' असंही विचारलं. मी तिथलीच वाटले त्याला.

खिडकीवरच्या बाईंनी गुणपत्रिका हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, हे लॅमिनेशन कोणी करायला सांगितलं होतं? मागे शिक्का मारावा लागतो. आता कुठे मारू?"

"वडिलांनी केलंय," मी म्हणाले.

"मग विचारा त्यांना."

आता तुम्हाला कुठे गाठू? 

बाबा, शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? असणारच. दुसऱ्यांच्या मुलांना तुम्ही बजावायचात, 'मूळ कागदाला प्लॅस्टिक लावू नका रे.' आणि स्वतःच्या मुलीच्या सगळ्या गुणपत्रिका मात्र अप्पा बळवंत चौकात नेऊन लॅमिनेट करून आणल्यात. का ते मला माहीत आहे. आईच्या डी.एड.च्या प्रमाणपत्राला वाळवी लागली आणि तिची शाळेतली नोकरी होता होता राहिली. दुसरं प्रमाणपत्र काढायचं तुमच्याकडून राहून गेलं. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही आणि तुम्ही उभ्या जन्मात विसरला नाहीत. मग आमच्या घरात प्रत्येक कागदाला प्लॅस्टिक चढलं. माझ्या लसीकरणाच्या कार्डालासुद्धा.

तर त्या बाईंनी शिक्क्याची जागा शोधायला गुणपत्रिका उलटी केली. "आणि हे पेन्सिलीने काय लिहिलंय मागे?" असं म्हणून चष्मा वर सरकवला आणि सगळ्या रांगेसमोर मोठ्याने वाचलं.

'मुलीने स्वतः आणली. अडुसष्ट टक्के. कमी पडले म्हणून जेवली नाही. शेरा : वाद मुद्देसूद घालते. वकिलीस योग्य.'

बाबा, मी ती गुणपत्रिका नोकरीच्या वेळी वापरली, पासपोर्टच्या वेळी वापरली. एकोणीस वर्षं ती माझ्या घरात आहे. मागची बाजू मी एकदाही पाहिली नव्हती.

तुम्हाला तो दिवस आठवतो ना? मी म्हणाले होते, मला लॉ करायचंय. तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "आधी पोटापाण्याचं बघ. बी.कॉम. कर." मी तासभर भांडले, एकामागून एक मुद्दे काढले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "झालं?" मी तणतणत उठून गेले. त्यानंतर मी लॉचं नाव काढलं नाही. मला वाटलं, माझी कुवत नाही असं तुमचं मत आहे. एवढी वर्षं मी तेच धरून बसले हो.

आणि तुम्ही त्याच आठवड्यात पेन्सिल घेऊन हे लिहीत होतात? शाळेत दाखल्यामागे टिपण करायचात तसं? मग मला का नाही सांगितलंत? तुम्ही स्वयंपाकघरात चहा गाळत असायचात, मी दोन हातांवर उभी असायचे. चार शब्द होते. मला राग आलाय तुमचा. खरंच आलाय. आणि तो काढायला समोर कोणी नाही.

शेवटच्या आजारपणात तुम्ही दोनतीनदा म्हणालात, "ती निळी फाईल एकदा नीट बघून ठेव." मला वाटलं, फ्लॅटचे कागद म्हणताय. मी खेकसले, "फाईलचं राहू द्या, आधी गोळी घ्या." गोळी घेतलीत. पुन्हा बोलला नाहीत. तेव्हा हेच सांगायचं होतं का? बसून उघडली असती तर दहा मिनिटं लागली असती. त्या दहा मिनिटांसाठी आता मी काय करू?

गुरुवारी गुणपत्रिका घेऊन अप्पा बळवंत चौकात गेले. दुकानदार म्हणाला, "निघत नाही, ताई. निघावं म्हणून कोणी लावतं का?" ओढलं तर कागद फाटेल म्हणाला. बोर्डाकडून दुसरी प्रत मिळते, पण ही जमा करावी लागते. प्रत येईपर्यंत कॉलेज हमीपत्रावर थांबायला तयार आहे, पण बोर्डाची पावती उद्याच दाखवायची आहे. उद्या जमा केली नाही तर यंदाचा प्रवेश गेला, आणि पुढच्या वर्षी मी पुन्हा धीर करणार नाही. स्वतःला ओळखते मी.

तीन दिवस घालवले. झेरॉक्स काढली, पेन्सिल उमटली नाही. फोनमध्ये फोटो आहे, पण त्याच्यावरून बोट फिरवलं की पुढचा फोटो येतो. काल एकदा ठरवलंही होतं, नको ते लॉ, हा कागद राहू दे. फाईल कपाटात ठेवून दिली. मग वाटलं, वकिलीस योग्य म्हणून लिहिलेला कागद जपायला वकिली सोडायची, हा कुठला मुद्दा? तुम्हीच विचारलं असतंत, "झालं?"

झालं, बाबा. उद्या देते. कार्यालयातला माणूस ती उलटून बघणारही नाही, कुठल्यातरी गठ्ठ्यात जाईल. तुमचं अक्षर माझ्या हाताने देताना मला रडू येईल, तेवढं चालवून घ्या.

एक कबूल करते. नवी गुणपत्रिका येईल तिला प्लॅस्टिक लावणार नाही. आणि कोणाबद्दल चांगलं वाटलं तर ते मागच्या बाजूला लिहून ठेवणार नाही, तोंडावर सांगेन. सुरुवात तुमच्यापासून करायची होती. तुम्ही बाप म्हणून फार चांगले होतात. हे मीही कधी बोलले नाही.

तुमची भांडकुदळ,
वृंदा