अंगणात लावलेला झेंडा

मिलर्स फोर्क, नेब्रास्का
१४ नोव्हेंबर २००४

प्रिय एल्बाताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. चिलीत आता वसंत असेल, तेव्हा तुझ्या गुडघ्याला जरा आराम पडला असेल. इकडे माझ्या नवरोबांना, वेनला, सर्दी झाली आहे. दादाचं नाव ठेवलेला माझा रामिरो बरा आहे, खातो भरपूर. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

निवडणुकीनंतर तिकडे लोक काय म्हणतात, असं तू फोनवर विचारलंस. काय म्हणणार? जिंकले ते म्हणतात देवाची कृपा. हरले ते दोन दिवस तोंड पाडून बसले आणि मग त्यांनीही दाराला झेंडा लावला. शेजारची व्हर्ना चीज घातलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन आली. म्हणाली, "झालं गेलं विसरायचं आता. काही म्हण निदिया, जगात आपल्यासारखा देश नाही."

"तू कुठले कुठले बघितलेस गं?"

"बघायला कशाला हवेत? आपली आई चांगली हे काय दहा जणींच्या आया बघून ठरवतात?"

मला हसू आलं. बाई मनाने चांगली आहे. पण झेंड्याचं हे कौतुक पाहिलं की मला आपलं तिकडचं दार आठवतं. त्या सप्टेंबरात लष्कराने सत्ता बळकावली, आपल्या रामिरोदादाला सैनिकांनी उचलून नेलं आणि पुढच्याच आठवड्यात आईला दारावर झेंडा लावावा लागला. न लावून सांगते कुणाला? आई चढली ती खुर्ची तूच धरली होतीस. देश फार मिरवायला लागला की पुढे कुणाचा तरी मुलगा मागतो, एवढंच मला कळतं. आणि इथे तर इराकची लढाई चालूच आहे.

गुरुवारी माजी सैनिकांचा दिवस होता. सकाळी दार उघडलं तर आमच्या अंगणातल्या गवतात झेंडा रोवलेला. आजवर कधी नव्हता. मला वाटलं, व्हर्नाचाच उद्योग. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो उपटला, कापड काठीवरून ओढून काढलं आणि बोळा करून पायरीवर टाकलं.

माजी सैनिकांच्या क्लबातले म्हातारे मिस्टर हॅस्केल समोरच्या फुटपाथवरून काठी टेकत लगबगीने आले. आता ओरडणार असं वाटलं. त्यांनी बोळा उचलला, झटकला, दोन टोकं माझ्या हातात दिली आणि मला धरायला लावून त्याची तिकोनी घडी घातली.

"बाई, हा असा खाली टाकत नाहीत."

"पण आमच्याच दारात कशाला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "पोराने सांगितलं नाही तुम्हाला?"

ताई, आता लपवून काय उपयोग. रामिरो सैन्यात भरती झालाय. अठरा पुरी होताच सही करून आला. जूनमध्ये शाळा संपली की जाणार. ज्या घरातलं कुणी सैन्यात जातं, त्या घरापुढे हे लोक झेंडा लावतात.

मी त्याला काय काय बोलले! मामाचं नाव काढलं. तो म्हणाला, "आई, ते तुझ्या देशातले सैनिक होते. आपले तसे नाहीत."

"अरे, त्या सैनिकांच्या आयाही असंच म्हणत होत्या."

वेन म्हणतो, "त्याचं त्याला कळतं," आणि गाडी दुरुस्त करायला गॅरेजमध्ये जातो. गाडीला काही झालेलं नाही. तो तिथे रडतो.

नाताळात रामिरो तुला स्वतः फोन करून सांगणार होता. तू त्याला काय बोलशील या धास्तीने माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. जे बोलायचं ते मला बोल. पण त्याच्याशी बोलणं टाकू नकोस, एवढं माझं ऐक.

अजून एक राहिलं. शुक्रवारी शाळेच्या फुटबॉल सामन्याआधी भरती झालेल्या मुलांना मैदानात उभं केलं होतं. मी तिथे असताना दर सप्टेंबरला कब्रस्तानात आपण कधीच परत न आलेल्या दादाचं नाव पुकारायचो आणि त्याच्या वतीने सगळे ओरडायचो, "हजर!" इथे कर्ण्यावर तेच नाव पुकारलं, "रामिरो." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ज्याचं नाव त्यानेच उत्तर दिलं, "हजर." लोक उभे राहिले. मीही राहिले, आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला, ताई. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते आहे.

शिव्या घालायच्या तर घाल, पण उत्तर पाठव.

तुझी धाकटी बहीण, आणि आता एका सैनिकाची आई,
निदिया