पदराआडची हनुवटी

६ जानेवारी, सोमवार

आजही चार पावलं नाहीत. एकसुद्धा नाही.

धम्मपाल — फिजिओथेरपीवाला, वय तीस, सहनशीलता नव्वद — साडेपाचला आला. सासूबाईंपुढे वॉकर ठेवला. "चला आजी, दोन्ही हात इथे." उजवा त्यांनी ठेवू दिला. पॅरालिसिस झाल्यापासून तो हात ठेवाल तिथे राहतो, त्याची काही तक्रार नसते. डावा ठणठणीत आहे. पण डाव्याने पदर धरलेला! नाकाखालपासून गळ्यापर्यंत, मुठीत घट्ट. "पदर सोडा ना आजी, कोण बघतंय?" मान नकारार्थी.

जाताना दारात हळूच म्हणाला, "मॅडम, पहिले तीन महिने महत्त्वाचे. त्यातले पाच आठवडे गेले. डाव्या हातावर भार घेतला नाही तर उभ्या कशा राहणार? मग खुर्चीच." 'चाकांची' हा शब्द त्याने गिळला. मला ऐकू आला.

७ जानेवारी

राजेशचं निदान — आईला तोंड वाकडं झाल्याची लाज वाटते.

हॉस्पिटलात कोणीतरी त्याला सांगितलं होतं की पेशंटला स्वतःचा चेहरा दिसू देऊ नका, खचतात. झालं! आज्ञाधारक मुलाने बेसिनवरचा आरसा उतरवला. कपाटाच्या आरशाला वर्तमानपत्र चिकटवलं. सासूबाईंचा हातातला आरसा माळ्यावर. गेले तीन आठवडे मी टिकली फोनमध्ये बघून लावते. काल नववीतल्या एका मुलीने भर तासाला सांगितलं, "मॅडम, टिकली भुवईवर आहे."

आणि तोंड म्हणाल तर जेमतेम केसभर वाकडं. शोधावं लागतं.

सासूबाई रोज विचारतात, "आरसो खय आसा?" राजेश म्हणतो, फुटला. श्रुतिका म्हणते, पॉलिशला दिलाय. आरसा, पॉलिशला! तेवीस वर्षांची इंजिनियर मुलगी माझी.

९ जानेवारी, गुरुवार

कळलं.

शाळेतून आले तर सासूबाईंना डुलकी लागलेली. पदर ढळलेला. तोंडाकडे माझं लक्षच गेलं नाही — हनुवटीवर केस. दहा-बारा असतील. पांढरे, राठ, नखभर लांब. दोन तर चांगले वळलेले.

सत्तावीस वर्षं एका घरात काढली. एक केस कधी दिसला नाही. दर रविवारी सकाळी त्या अर्धा तास बाथरूम अडवायच्या आणि बाहेर राजेश वैतागायचा. तेव्हा त्या आत चिमट्याने हे करत होत्या! उजव्या हाताने. तो हात आता गेला. आणि आम्ही शहाण्यांनी वर आरसेही काढले.

बघत उभी होते तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. पदर ओढला नाही. उशीर झाला होता.

"बघलंस?"

"हो."

"राजेशाक सांगू नको."

स्टूल घेतलं, माळ्यावर चढले, आरसा काढून दिला. आम्ही एवढा लपवलेला तो वाकडा ओठ — त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट हनुवटी. आणि मग जे रडू आलं त्यांना!

१० जानेवारी

सकाळी स्पष्टच विचारलं. "आई, हे केस काढले तर पदर सोडाल? दोन्ही हात वॉकरवर?"

"सोडतंय. माजी शपथ."

आता प्रश्न एवढाच — काढायचे कसे. विचारायचं कोणाला? "चेडवाक सांग. झिलाक नको," अशी परवानगी मिळाली. म्हणजे नातीला सांगायचं, मुलाला नाही.

श्रुतिकाने पर्स उपडी केली. क्रीम, वॅक्सच्या पट्ट्या, एक गुलाबी मशीन, आणखी एक बारकं मशीन. "मम्मा, तुला काय वाटलं, मी अशीच जन्मले?" मला खरंच तसं वाटत होतं. गुलाबी मशीन चालू केलं — आवाज असा की सासूबाई भिंतीला चिकटल्या. "ह्या काय? उसाचा गुऱ्हाळ?" ते बाद. वस्तरा म्हणताच, "ता बापयांचा काम. माका न्हावयासमोर बसवतंस?" तोही बाद.

पंधरा वर्षं संस्कृत शिकले, त्याच्या दुप्पट शिकवतेय. कवींनी नायिकेचं पायाच्या नखापासून वेणीपर्यंत वर्णन केलं. नाभीजवळच्या रोमावलीचं तर कोण कौतुक! हनुवटीपाशी सगळे घाईने पुढे गेले.

१२ जानेवारी, रविवार

क्रीम. श्रुतिका म्हणाली, आधी आजीच्या हाताला लावून बघ. लावलं. सहाव्या मिनिटाला लाल चट्टा. "मिरची फासलंस काय गो?" धुतलं, खोबरेल लावलं. राजेशने विचारलं वास कसला. श्रुतिका म्हणाली, "हेअर स्पा." बरी चालते जीभ.

वॅक्ससाठी डॉक्टरांना फोन केला. सासूबाईंचा म्हणायला जीभ रेटेना. "माझ्या एका मैत्रिणीला, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत तिला—" डॉक्टर म्हणाले, "सासूबाईंना वॅक्स नको. कातडी सोलेल. ब्लेडही नको."

मग बोलूच नये माणसाने.

१४ जानेवारी, संक्रांत

वाईट दिवस.

तिळगूळ द्यायला बायका आल्या. सासूबाई आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड. ठीक आहे, शेजारणींना सांगितलं झोपल्यात. पण संध्याकाळी विमलामावशी आल्या. ह्या आणि सासूबाई लालबागला एका चाळीत पस्तीस वर्षं शेजारी. घाटकोपरहून, गुडघे धरत, आमचे चार मजले चढून — लिफ्ट आजच बंद! हातात डबा. दारातून हाक मारली, "शेवंती! अगो, जिवंत हास मा?"

आतून चादर डोक्यावर.

मावशी पलंगापाशी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. "माज्यावर राग हा तुजो? हॉस्पिटलात येवक मिळाला नाय म्हणान?" चादर हलली नाही. मावशींनी डबा उशाशी ठेवला आणि गेल्या. जिन्यात मी काहीतरी बडबडले, औषधांमुळे वगैरे. त्यांना पटलं नाही. डोळे पुसत उतरल्या.

चादर काढली तर सासूबाईंची उशी भिजलेली. "ती काय समाजली असात गो?"

मावशींना जिन्यात मला खरं सांगता येत होतं. वचनात अडकले.

१५ जानेवारी

पार्लरवाल्या प्रेमाला घरी बोलावलं, राजेश ऑफिसात असताना. दोऱ्याने करू. मोठ्या मुश्किलीने सासूबाई तयार झाल्या. प्रेमाने दोरा दातात धरला आणि म्हणाली, "आजी, दोन्ही हातांनी स्किन ताणून धरा."

दोन्ही हातांनी!

मी धरायला गेले. माझी बोटं, प्रेमाची बोटं, दोरा, सासूबाईंचा चेहरा — एवढ्याशा जागेत इतकी गर्दी. वर प्रेमा मोठ्याने, "किती जाड आहेत हो आजी! लहानपणापासून का?" सासूबाईंनी तोंड मिटलं, पदर वर. संपलं. प्रेमाला तिळगूळ देऊन बोळवलं.

१७ जानेवारी

जिंकलो! राजेशचा दाढीचा ट्रिमर. कातडीला पातं लागत नाही, रक्ताची भीती नाही. दोन मिनिटांत हनुवटी साफ. श्रुतिका म्हणाली, "आजी, झकास!" सासूबाईंनी आरशात पाहिलं. हसल्या. महिन्यात पहिल्यांदा.

१८ जानेवारी

हरलो.

सकाळपासून डाव्या हाताची बोटं हनुवटीवर फिरतायत. "खरखरता. बापयाच्या गालासारख्या." संध्याकाळी धम्मपालपुढे पदर पुन्हा मुठीत. वॉकर तसाच उभा.

भरीला भर — राजेश बाथरूममधून चेहरा पाडून आला. हातात ट्रिमर. "मृणाल, माझी दाढी इतकी पांढरी झाली?" मी म्हटलं, "पंचावन्न म्हणजे काही कमी नाही रे." दुसरं काय सांगणार? बिचारा अर्धा तास फोनवर रंगांचे प्रकार बघत होता.

१९ जानेवारी, रविवार

शेवटी चिमटाच. त्यांचाच, त्यांच्या पत्र्याच्या डबीतला. गॅलरीत ऊन आलं की खुर्ची दारात घ्यायची. मी वाचायचा चष्मा लावला, श्वास रोखला, पकडलं आणि ओढलं — केस नाही, कातडी!

"आये गे!"

"सॉरी आई, सॉरी सॉरी."

"तुजो हात जड आसा गो."

असेल. या हाताने फळा पुसलाय, पेपर तपासलेत. पोरांना म्हणायची, मूळ ओळखा, बाकीचं आपोआप सुटतं. इथे मूळ दिसतं पण सापडत नाही. चाळीस मिनिटांत तीन केस. दोघींच्या डोळ्यांत पाणी, कारणं वेगळी.

त्या म्हणाल्या, "मी करतंय," आणि डाव्या हातात चिमटा घेतला. ओठाला टोचला. पुन्हा प्रयत्न. पुन्हा टोचला. चिमटा खाली ठेवला आणि त्या हाताकडे अशा बघत बसल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

२० जानेवारी

सराव. स्वतःच्या हातावर. राजेश: "काय करतेस?" मी: "काटा गेलाय." राजेश: "सगळ्या हातात?"

२१ जानेवारी

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तसेच पडलेत. पण चार केस निघाले. सासूबाई शिकवतायत — "मुळात धर. झटको नको. वाढीच्या बाजून वड." शिक्षिका कडक आहे. चुकलं की चूक सांगते, जमलं तर गप्प. माझ्या वर्गातल्या पोरांची मला पहिल्यांदा दया आली.

ट्रिमरने अगदी मुळाशी कापलेले बाकीचे खुंट अजून हाती लागत नाहीत. ते वाढेपर्यंत थांबायचं. पीक तयार व्हायची वाट बघावी तसं दोघी रोज उन्हात बसून हनुवटी बघतो.

२४ जानेवारी

"हयसर एक रवलो," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तो शेवटचा. निघाला. बोट फिरवलं — डावीकडून उजवीकडे, उलट, पुन्हा एकदा. काही बोलल्या नाहीत. म्हणजे जमलं.

साडेपाचला धम्मपाल. "आजी, दोन्ही हात..." एवढं म्हणून तो थांबला, रोजच्या नकाराची वाट बघत. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला. खोचला! डावा हात वॉकरवर. उजवा त्याने ठेवला. उभ्या राहिल्या. एक. दोन. तिसऱ्याला डगमगल्या, मी पुढे झाले, त्यांनी डोळ्यांनीच मागे सारलं. तीन. चार. पाच!

"आजी, आज काय जादू झाली?"

"काय नाय रे. हात मोकळो झालो."

राजेश दारात उभा राहून घळाघळा रडला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "बघितलंस? आरसे काढले त्याचा परिणाम!"

मी म्हटलं, हो रे.

२७ जानेवारी

सासूबाई आज पलंगापासून गॅलरीपर्यंत. मध्ये एकदा बसून. मग फोन मागितला. "विमला, ये. येतांना डबो-बिबो कायएक हाडू नको. आणि ऐक, माजो राग नव्हतो गो. मगे सांगतंय." लिफ्ट चालू आहे हे दोनदा सांगायला लावलं.

आईला आता झेपेल म्हणत राजेशने आरसे परत लावले. माझी टिकली मध्यभागी.

२ फेब्रुवारी, रविवार

आज दोनच केस. पहिला काढला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "तेंचो हात हलको होतो."

"कोणाचा?"

"तुज्या मामंजींचो. दर आयतवारी तेच काढीत. चाळीस वर्सां. ते गेले, तेवां मी शिकलंय."

मामंजी! जाऊन अकरा वर्षं झाली. ताटावर बसले की मान वर न करणारे, बायकोला 'अगो'पलीकडे हाक न मारणारे. सोळा वर्षं मी त्यांना पाहिलं. रविवारी सकाळी दोघांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं, आतून मधूनच "आये गे" ऐकू यायचं. मी समजायची, भांडतायत.

"त्यांच्या हाताने दुखायचं नाही?"

"दुखायचा तर! पण केस काडलो की मगे फुंकर घालीत."

दुसरा केस काढला.

फुंकर घातली.