न कापलेली टेप

शाळेत असताना रात्रीच्या जेवणाची भांडी आम्हा दोघी बहिणींकडे असत. धाकटी घासायची, मी पुसायची आणि आई खुर्चीत बसून मोजे रफू करत गुणगुणायची. धाकटीचा सूर घसरला की आई मान वर न करता म्हणायची, "मोठे, तिला सांभाळून घे गं." मी घेतले. पन्नास वर्षे घेतले. आता पुरे.

मी, वय वर्षे सदुसष्ट, रुग्णालयाच्या संगीतोपचार कक्षातून निवृत्त, गुडघ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवते. सर्व काही धाकटीला देणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. कारण पुढीलप्रमाणे.

माझ्या कामाची रीत साधी होती. आधी रोग्याचा श्वास ऐकायचा, त्या लयीत गुणगुणायचे आणि मग हळूहळू त्याला आपल्या लयीवर आणायचे. त्याची टेप करायची, पण एकासाठी केलेली दुसऱ्याला द्यायची नाही. दुसऱ्याचा चष्मा कोणी घालते का? आईच्या शेवटच्या दुपारी मात्र तिला माझ्या लयीवर आणणे शक्य नव्हते. टेपरेकॉर्डर चालू ठेवून मीच तिच्यामागे जात राहिले. ती टेप धाकटीने तिच्या नादोपचाराच्या वर्गात नमुना म्हणून ऐकवायला मागून नेली.

पुढे एकदा दाढ काढायला गेले, तर दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत स्पीकरमधून आई श्वास घेत होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "छान आहे ना? सगळे डुलक्या घेतात." मी दाढ तशीच घेऊन घरी आले.

धाकटी ती टेप तिच्या नादोपचार केंद्रातून 'गाढ विश्रांती' म्हणून विकत होती. मी जाब विचारला, तर म्हणाली, "ताई, लोकांना शांत वाटतं. श्वास कुणाचा हे कळून कुणाचं भलं होणार आहे?"

शेवटची चार मिनिटे तिने कापली होती. त्यांत आई विचारते, "धाकटी आली का?" आणि मी म्हणते, "निघालीय, आई." ती निघाली नव्हती. परगावी व्याख्यान देत होती. विषय होता, अंतकाळची सोबत.

सबब,

एक. घर आमच्या वॉर्डातल्या नर्सबाईंना. आईची कूस बदलायला त्या ड्यूटी संपल्यावर रोज येत आणि चहासुद्धा घेत नसत.

दोन. बँकेतली शिल्लक वॉर्डाला. तिच्यातून प्रत्येक खाटेशेजारी एक खुर्ची घ्यावी. उभ्याने कोणाचा श्वास ऐकू येत नाही.

तीन. माझ्या सर्व ध्वनिमुद्रणांचे हक्क नर्सबाईंकडे. त्यांनी आईच्या टेपची विक्री त्याच दिवशी थांबवावी, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा. वकीलबाईंना मी सांगून ठेवले आहे. इतर टेपा त्या त्या रोग्यांच्या घरी पोचत्या कराव्यात.

चार. धाकटीने मला भेट दिलेले काशाचे नादपात्र तिला परत. त्यात मी लिंबे ठेवत असे.

पाच. हे मृत्युपत्र धाकटीच्या केंद्राच्या मोठ्या खोलीत, तिच्या सर्व शिष्यांसमोर वाचावे. श्रोत्यांनी बसून ऐकावे, आडवे होऊन नव्हे.

सहा. मूळ टेप, न कापलेली, धाकटीला. ऐकायला माझा टेपरेकॉर्डरही. ती मात्र तिने एकटीने ऐकावी. "निघालीय" हे खोटे होते, असे मी साक्षीदारांसमक्ष कबूल करते. ते ऐकून आई निवांत झाली. त्याचे श्रेय धाकटीला देत नाही. टेप देते.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा

सही: मोठी

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही)
२. माझे डॉक्टर (सही, मी शुद्धीवर असल्याची खात्री त्यांनी दोनदा केली)