अडवलेला निरोप

मंगळवार, ४ मार्च
जमलं! औषध घातलेल्या बशीतले परजीवी पेशीच्या आतच अडकून पडलेत. बाहेर पडायचा इशाराच त्यांना मिळत नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा सर खुर्चीतून उठून माझ्या मायक्रोस्कोपपाशी आले.

दादाच्या घरी जाऊन त्याला सांगितलं. सांगायला नको होतं का? वहिनीला पाचवा महिना, आणि तिच्या रक्तात हाच परजीवी सापडलाय; तो बाळापर्यंत पोचू शकतो. दादा एकदम उठून उभा — "म्हणजे औषध आहे!"
"बशीतलं आहे रे," मी म्हणाले. त्यानं ऐकलंच नाही.

शुक्रवार, ७
तेच औषध माशांच्या अंड्यांवर. आतले जीव जिवंत आहेत, शेपट्या वळवळतायत — आणि डोळे नाहीत! सत्तेचाळीस अंडी. एकातही नाहीत.

सर म्हणाले, "औषध अडवतं तो निरोप एकच गं, वाचणारे दोन. परजीवी तो वाचून बाहेर पडतो, आणि गर्भातल्या पेशी तोच वाचून डोळा घडवतात." आणि चहाला गेले. मला चहा गेला नाही.
मग हे औषध की विष? दोन्ही एकदम कसं असेल?

शनिवार, ८
दादाला फोन केला. "डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवा. माझ्या औषधाचं डोक्यातून काढ." "का?" माशांचं सांगणार, तेवढ्यात मागून वहिनीचं हसणं ऐकू आलं. "अजून कच्चं आहे," एवढंच बोलले. भित्री कुठली मी!

सोमवार, १०
काही सुचत नाही. अंडी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मंगळवार, ११
औषधाच्या कुप्या सहा होत्या. पाचच आहेत!

काल दादा लॅबमध्ये डबा द्यायला आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी हात धुवायला गेले, तेवढ्यात...? फोन उचलत नाही. वहिनीचा बंद. त्यांच्या दाराला कुलूप. सरांना सांगू? सख्ख्या भावाला चोर म्हणू? आणि नाही सांगितलं तर?

सांगितलं. सरांनी उरलेल्या पाच कुप्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ते जास्त लागलं.

बुधवार, १२
वहिनी लॅबच्या दारात. हातात कुपी, सील तसंच.

"यांचा हात थरथरत होता. देणाऱ्याचाच हात कापतो, ते मी कशाला घेऊ? आता तू सांग, आहे काय यात?"

मी माशांच्या अंड्यांची बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.