पाळण्याची दुसरी बाजू

उदगीर,
ता. १० एप्रिल १९८३

चि. सौ. शिवकांतास,

अप्पाचे अनेक आशीर्वाद. मी व अव्वा खुशाल. तू तब्येतीला जपून राहावं. 'सौ.' मी पहिल्यांदाच लिहिलं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो. लातूर जिल्हा झाल्यापासून नव्या कचेऱ्यांसाठी टेबलं, फायलींची कपाटं, साहेबाच्या पाठीच्या मापाची एक खुर्ची. अव्वाला पाट. शेजारच्या लक्ष्मम्माच्या दाराची चौकट. आणि एक पाळणा. आपल्या घरचे सगळे भुसाराच्या दुकानातले, रंधा कुणी धरला नव्हता. मला कुणी शिकवलं नाही, हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो.

पाळणा आपल्या दारापुढच्या कडुलिंबाचा. दुष्काळानं तो उभ्याउभ्या वाळला. पाळण्यात एकही खिळा नाही, सगळं खुंट्यांवर. उकलून बांधला की एसटीच्या टपावर जातो. आत ज्वारी ठेवून झुलवून पाहिला. कुरकुरत नाही.

दुसरी बातमी. कचेरीतून येणारे नकाशे इंग्रजीत असतात, म्हणून इंग्रजी शिकतो आहे. दिवाळीला तुमच्या घरून आलेलं व्याकरणाचं पुस्तक फळीवर तसंच होतं, ते उघडलं. पुस्तक बरं आहे. 'इनडायरेक्ट ऑब्जेक्ट'च्या धड्यापर्यंत नीट चाललो, तिथं अडलो. द्यायची वस्तू ती डायरेक्ट, आणि ती ज्याला मिळते तो इनडायरेक्ट, एवढं समजलं. पण आपल्यात 'मुलीला' म्हटलं की मिळालं कुणाला ते कळतं. इंग्रजीत माणूस क्रियापदाला खेटून नुसताच बसतो. मी लिहिलं, 'आय मेड माय डॉटर अ क्रेडल.' वाचून घाम फुटला. मुलीचाच पाळणा करून टाकला की काय!

अव्वाला सांगितलं तर लई हसली.

"मग जावयाला इचारा की. इंग्रजीचे मास्तर हायत ते."

"मी आजवर कुणाला विचारून शिकलो नाही."

"म्हणूनच तुमचं पहिलं कपाट दारातून भाईर निघाना झालतं!"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी माझ्या रीतीनं जुळवलं. माणूस आधी नि वस्तू मागून असेल, तर जोड लागत नाही. वस्तू आधी घेतली, तर मध्ये एक खुंटी ठोकावी लागते. 'गिव्ह' असेल तर 'टू'ची, 'मेक' असेल तर 'फॉर'ची. हा माझा अंदाज. तो बरोबर आहे का, हे गौतमरावांना विचार.

हे नाव लिहायला दोन वर्षं लागली.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की टँकर तिसऱ्या दिवशी येतो, बाळंतिणीला पाणी कुठून पुरवायचं, म्हणून तू येऊ नको. टँकरचं खरं आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि तुला सोडायला ते आले असते. तुमचं लग्न कोर्टात झालं, तिथं मी आलो नाही. आता ते माझ्या उंबऱ्यावर उभे राहिले तर 'या' म्हणायला माझी जीभ वळेल का, याची मला धास्ती होती. पाणी मी कुठूनही आणलं असतं.

तू पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. तुमच्या भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर आहे, त्यात मागचं पिंपळाचं झाड स्पष्ट दिसतं. पाळण्याच्या उशाच्या फळीला आतून बेलपान कोरलं होतं. बाहेरची बाजू रंधून कोरीच ठेवलेली. अव्वा रोज त्या जागेवरून हात फिरवायची. सोमवारी तिथं पिंपळपान कोरलं. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते. ती मी पुरी काढली आहे, कुठं आखडली नाही.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी दोघं बिलोलीला येतो, देगलूरला गाडी बदलून. अव्वा तुझं बाळंतपण करूनच परतेल. मी पाळणा टांगीन. मग तो धडा गौतमरावांच्या शेजारी बसून घेईन, त्यांना वेळ असेल तर. स्टँडवर ते घ्यायला आले तर बरं होईल. ओझं आहे.

त्यांना माझा नमस्कार सांग, आपला शरणार्थ.

तुझा,
आणि तुम्हा दोघांचा,
अप्पा

ता. क. लातूरचे ठेकेदार चन्नबसप्पा टेबलं न्यायला आले होते. पाळणा पाहून साहेबाच्या नातवासाठी मागू लागले. म्हणाले, "तेवढं पिंपळपान तासून टाका, पंधराशे देतो." मी नाही म्हणालो. पंधराशे रुपये.