डोळे बांधून दारापर्यंत

प्रिय ठमे,

दुपारचं ऊन शिवणखोलीत आलंय आणि मी इस्त्रीच्या टेबलावर लिहायला बसलेय. तू विचारायच्या आधीच सांगते, इस्त्री बंद आहे, पिनही बोर्डातून काढलीय. वायरिंग नवं झाल्याशिवाय तुझ्या पिटुकलीला सुट्टीत माझ्याकडे, आजीकडे, पाठवणार नाही, असं तू बजावलं होतंस. ते काल पूर्ण झालं. वायरमनकाका चार दिवस खपत होते. इथे आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, जुनं वायरिंग त्यांनीच केलेलं म्हणून, तू त्यांना दारातच उभं करून नको नको ते बोललीस, तरी ते आले. तुझ्या बाबांचे मित्र ना, त्यांच्यासारखेच. भिंतींची काजळीही त्यांनीच खरवडली.

पहिल्याच दिवशी वायरी ओढता ओढता म्हणाले, वहिनी, घराचं होतंय, आता तुमचं. माझ्याच अस्तराच्या काळ्या कापडानं माझे डोळे बांधले आणि म्हणाले, धूर झालाय, पलंगावरून उठा आणि बाहेर चला. मी थेट कपाटाला धडकले. तर म्हणतात, आग लागल्यावर साडी कुठली नेसायची ते नंतर ठरवा.

आता रोज दुपारी चालते. डोळे बांधले की घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. घड्याळ लांबून कुठून तरी ऐकू येतं. भिंतीचा गारवा बोटांखालून सरकत राहतो, मध्येच तुझी उंची मोजायला बाबांनी केलेल्या खाचा लागतात. तिसरीतली तू, पाचवीतली तू, आणि मग दाराचं उन्हानं तापलेलं लाकूड. धुरात श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते म्हणून रांगायलाही शिकलेय. या वयात. तू रांगत असताना तुला हे घर असंच दिसत असेल, खुर्च्यांचे नुसते पाय आणि त्यांच्यामधून येणारा उजेड. मशीनखाली एक निळं बटण सापडलं. कुणाच्या फ्रॉकचं, काही केल्या आठवेना. पिटुकलीच्या पलंगापासून दार अकरा पावलांवर आहे, तिची पावलं लहान म्हणून पंधरा धरलीत. बाहेर पडल्यावर फाटकाजवळच्या झाडाखाली थांबायचं आणि कशासाठीही परत आत जायचं नाही, हे तिला खेळ म्हणून शिकवायचं ठरवलंय.

पण ठमे, वायर जळली नव्हती. तू छताला धुराचा अलार्म लावून गेलीस आणि तो इस्त्रीच्या नुसत्या वाफेनंही कोकलायला लागला. गिऱ्हाईक दचकायचं. म्हणून मी त्याला टोपी शिवली. आत कापूस, कडेला इलॅस्टिक, अगदी मापात बसली. त्या दुपारी इस्त्री कापडावर तशीच ठेवून मी जरा पाठ टेकली आणि डोळा लागला. ठसक्यानं जाग आली तेव्हा पडदा पेटला होता, आणि अलार्म टोपी घालून गप्प होता. तू घाबरून फोनवर विचारलंस, वायरिंग का? मी हो म्हणाले. एकच शब्द. आग विझवायला धावून आलेले काका मग शिडीवर चढले, अर्धी जळलेली टोपी काढून त्यांनी खिशात घातली. तू त्यांना बोलत होतीस तेव्हा मी तिथेच उभी होते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. काल निघताना एवढंच म्हणाले, वहिनी, आता टोपी नको हं. हे पत्र पाठवलं नाही तर पोर सोमवारी माझ्याजवळ असेल, हे मला कळतं. तरी पाठवतेय. आधी काकांना फोन कर. मग पोरीचं काय ते तू ठरव, मी विचारणार नाही.

तुझीच, चुकलेली,
आई